बकरी ईदसाठी देवनारला बोकड नेताना

धाराशिव जिल्ह्यातील आमच्या भागात बंदिस्त शेळीपालन करणारी घरे आता बरीच झाली आहेत, आणि बकरी ईद जवळ आली की त्या प्रत्येक घरात एकच चर्चा सुरू होते : बोकड दारात येणाऱ्या व्यापाऱ्याला द्यावेत, आठवडी बाजारात उभे करावेत, की थेट मुंबईला देवनारच्या बाजारात न्यावेत. देवनारचे नाव निघाले की बहुतेक जण मागे सरतात. कागद कोणते लागतात, गाडी कोणाची करायची, तेथे राहायचे कोठे, पैसे बुडाले तर दाद कोणाकडे मागायची, हे प्रश्न मलाही पडत होते. २०२५ च्या ईदला मी अठरा बोकड घेऊन तेथे गेलो, म्हणून जे पाहिले आणि जे करावे लागले ते क्रमाने लिहून ठेवत आहे. आमचे घर माळकऱ्यांचे आहे आणि ईदशी माझा संबंध आजवर शेजाऱ्यांकडच्या शिरखुर्म्यापुरता होता. त्यामुळे सणाविषयी येथे जे काही आले आहे ते बाहेरच्या माणसाने पाहिलेले आणि विचारून घेतलेले आहे.

सगळ्यात आधी दिनदर्शिका समजून घ्यावी लागते. मुस्लिम वर्ष चांद्र असते आणि त्याला आपल्या पंचांगासारखा अधिक मास नसतो, त्यामुळे ईद इंग्रजी तारखेच्या हिशेबाने दरवर्षी दहा ते बारा दिवस अलीकडे येते. २०२३ साली ती २९ जूनला होती, २०२४ साली १७ जूनला आणि २०२५ साली ७ जूनला. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा असतो आणि बोकड ईदपर्यंत किमान एक वर्षाचा झालेला असावा लागतो, म्हणजे कोणत्या ईदला विकायचा हे शेळी फळवतानाच ठरवलेले बरे. माझे अठरांपैकी चौदा बोकड जानेवारी ते मार्च २०२४ या काळात जन्मलेले होते, दोन फेब्रुवारी २०२३ चे होते आणि दोन जून २०२४ चे. या शेवटच्या दोघांविषयी पुढे सविस्तर सांगणार आहे.

कुर्बानीच्या जनावराचे नियम मी गावातील शिंपीकाम करणाऱ्या शेजारी चाचांकडून दिवाळीतच समजून घेतले होते. हजरत इब्राहिम यांनी ईश्वराच्या आज्ञेवरून आपला मुलगा अर्पण करण्याची तयारी दाखवली आणि मुलाच्या जागी दुंबा आला, या प्रसंगाची आठवण म्हणून ही कुर्बानी दिली जाते. जे अर्पण करायचे ते निर्दोष असले पाहिजे, हे तत्त्व त्यामागे आहे. जनावर आंधळे किंवा काणे नसावे, लंगडे नसावे, हाडांचा सापळा झालेले नसावे, त्याचे शिंग मुळापासून तुटलेले नसावे आणि कानाचा मोठा भाग कापला गेलेला नसावा. खच्ची केलेला बोकड चालतो. किंबहुना अनेक जण तोच मागतात. हे कळल्यावर मी दिवाळीपासून गोठ्यात दोन बदल केले. एकमेकांना टकरा देणारे बोकड वेगळे बांधले, कारण तुटलेल्या शिंगाचा बोकड ईदच्या बाजारात विकला जात नाही, आणि गव्हाणीला लावलेली तारेची जाळी काढून लाकडी फळ्या ठोकल्या, म्हणजे कान फाटण्याची भीती राहिली नाही.

खुराकाच्या बाबतीत मी काही वेगळे केले नाही. तुरीचे आणि हरभऱ्याचे भुसकट, शेवरी, लसूणघास, मक्याचा भरडा, थोडी शेंगदाणा पेंड आणि खनिज मिश्रण हेच ठेवले. एका बोकडामागे जन्मापासून ईदपर्यंत औषधांसह साधारण साडेआठ हजार रुपये खर्च झाला. यात घरची मजुरी धरलेली नाही.

कागदांची सुरुवात मार्चमध्ये केली. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात कानात बारा अंकी टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही, त्यामुळे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन सगळ्या बोकडांना टॅग मारून घेतले आणि त्यांची नोंद भारत पशुधन या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर झाल्याची खात्री करून घेतली. टॅगमुळे कानाला भोक पडते, तर ते कुर्बानीला चालेल का, अशी शंका अनेक शेळीपालकांना असते. मलाही होती. एवढ्याशा भोकाने जनावर बाद होत नाही, हे चाचांनी सांगितले आणि पुढे बाजारातही एकाही गिऱ्हाइकाने त्यावरून बोकड नाकारला नाही. मात्र टॅग ईदच्या तोंडावर मारू नये, कारण जखम चिघळली तर कान सुजलेला दिसतो आणि तो पाहून लोक निघून जातात. त्याच वेळी पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या रोगांवरील लसींची नोंद तपासली आणि जंतनाशक दिले.

मे महिन्यात हवामानाने सगळे आडाखे बदलले. आमच्याकडे महिनाभर अवकाळी पाऊस पडत राहिला आणि २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाल्याचे हवामान विभागाने जाहीर केले. एरवी तो ११ जूनच्या आसपास पोहोचतो. उघड्यावर भिजलेल्या शेळीला न्युमोनिया व्हायला एक रात्र पुरते, त्यामुळे जावे की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. २८ मे रोजी संध्याकाळी चंद्रदर्शन झाले आणि ईद ७ जूनला निश्चित झाली. त्याच सुमारास ईदच्या आठवड्यात जनावरांचे बाजार भरवू नयेत असे एक पत्र बाजार समित्यांना गेल्याची बातमी आली. ते पत्र पुढे मागे घेतले गेले, पण त्या दिवसांत आठवडी बाजाराच्या भरवशावर बसणे मला धोक्याचे वाटले आणि देवनारचा निर्णय पक्का झाला.

देवनारच्या बाजारात जनावरे उतरवण्यासाठी मुंबई महापालिकेची परवानगी आधी काढावी लागते आणि ती ऑनलाइन मिळते. माझ्यासारख्या नवख्या माणसाने हे काम एकट्याने अंगावर घेऊ नये. आमच्या तालुक्यातील एक व्यापारी दरवर्षी तेथे जातात. सगळे त्यांना भाई म्हणतात. त्यांचे बावीस आणि माझे अठरा असे चाळीस बोकड एका गाडीत न्यायचे ठरले. प्राण्यांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांनुसार साडेचार ते पाच टनी गाडीत चाळीसपेक्षा जास्त शेळ्या-मेंढ्या भरता येत नाहीत, तळाला किमान पाच सेंटिमीटर जाडीचे काड अंथरावे लागते आणि जनावरांचे पाय बांधता येत नाहीत. हे नियम जनावराच्या भल्याचे आहेतच, शिवाय विकणाऱ्याच्याही भल्याचे आहेत, कारण दाटीवाटीने आलेला बोकड उतरल्यावर लंगडतो आणि लंगडणाऱ्या बोकडाला या सणात किंमत नाही. गाडीचे भाडे चोवीस हजार ठरले, म्हणजे डोक्यामागे सहाशे रुपये.

३० मे रोजी सकाळी पशुधन विकास अधिकाऱ्यांनी गोठ्यावर येऊन प्रत्येक बोकड तपासला आणि प्रवासास योग्य असल्याचे आरोग्य प्रमाणपत्र दिले. त्यावर जनावरांची संख्या, टॅग क्रमांक, गाडीचा क्रमांक आणि जाण्याचे ठिकाण लिहिलेले असते. हे प्रमाणपत्र निघण्याच्या दिवशी किंवा आदल्या दिवशीच घ्यावे आणि गाडी ठरल्याशिवाय घेऊ नये, कारण ऐनवेळी गाडी बदलली तर सगळा कागद पुन्हा करावा लागतो. परवानगीवरचा आकडा, प्रमाणपत्रावरचा आकडा आणि गाडीतली प्रत्यक्ष संख्या एक असली पाहिजे. मी सगळ्या कागदांच्या पाच-पाच प्रती काढल्या होत्या आणि ग्रामपंचायतीचा पशुपालक असल्याचा दाखलाही सोबत ठेवला होता.

उन्हाची आणि रहदारीची कटकट नको म्हणून संध्याकाळी निघालो. बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर असा रस्ता होता. वाटेत एके ठिकाणी गाडी थांबवली गेली आणि आत काय आहे, कोठे चालला आहात, अशी विचारपूस झाली. प्रमाणपत्र आणि दाखला दाखवला, टॉर्च लावून दोन-तीन टॅगचे क्रमांक कागदाशी जुळवून दाखवले आणि आम्ही पुढे निघालो. तो वेळ मनावर ताण आणणारा होता, हे लिहिले पाहिजे. अशा वेळी सगळे कागद एकाच पिशवीत, वरच्या वर असावेत आणि एकानेच शांतपणे बोलावे. पुण्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन बोकडांना पाणी पाजले, एकेकाला हात लावून पाहिले आणि पहाटे खालापूरचा टोलनाका ओलांडला. वाशीच्या खाडीपुलावर उजाडले तेव्हा पाऊस सुरू होता.

देवनारचा पशुवधगृहाचा परिसर चौसष्ट एकरांचा आहे आणि तो १९७१ पासून चालू आहे. ईदच्या आधी तेथे लाखाहून अधिक बोकड येतात : राजस्थानचे सिरोही आणि सोजत, उत्तर प्रदेशाचे जमनापारी आणि बारबरी, गुजरात-मध्य प्रदेशातले आणखी कितीतरी. दारावर गाड्यांची लांब रांग होती. आमचा क्रमांक दुपारी लागला. परवानगी तपासली गेली, जनावरे मोजून उतरवली गेली आणि पशुवैद्यकांनी त्यांच्यावर नजर टाकली. रांगेत थांबताना बोकडांना गाडीतच पाला टाकावा लागतो, त्यामुळे निघतानाच एका दिवसाचा चारा वेगळा बांधून ठेवावा.

भाईंच्या ओळखीने आम्हाला छपराखालची जागा मिळाली, तरी पावसाची झड आत येत होती आणि पायाखाली चिखल होता. चुलतभाऊ सोबत होता. त्याने जवळच्या बाजारातून लाकडी फळ्या, गोणपाट आणि एक मोठी ताडपत्री आणली. याला बत्तीसशे रुपये लागले आणि माझ्या मते संपूर्ण प्रवासात याहून चांगला खर्च झाला नाही. फळ्यांवर उभा असलेला कोरडा बोकड आणि चिखलात उभा असलेला भिजका बोकड यांच्या किमतीत सरळ तीन-चार हजारांचा फरक पडतो. एका बोकडाला दुसऱ्या रात्री खोकला सुरू झाला, तेव्हा तेथील पशुवैद्यकांच्या पथकाने त्याला इंजेक्शन दिले आणि दोन दिवसांत तो पुन्हा रवंथ करू लागला. चारा मात्र तेथे महाग पडतो. पाला, भरडा आणि पिण्याचे पाणी यांवर माझे साडेसात हजार रुपये गेले. पुन्हा जाईन तेव्हा भुसकटाची पोती भरून नेणार आहे.

रात्री दावणीशेजारीच झोपायचे होते. माझ्या एका बाजूला भाई होते, दुसऱ्या बाजूला राजस्थानहून आलेले दोन भाऊ. नमाजाची वेळ झाली की ते तिघेही हातपाय धुऊन मोकळ्या जागेत रांगेत उभे राहत आणि तेवढा वेळ मी चारही दावणींवर लक्ष ठेवत असे. मी घरून भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचे नेले होते. ते संपल्यावर राजस्थानी भावांनी स्वतःच्या भांड्याच्या आधी माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात डाळ शिजवायला सुरुवात केली. मी नको म्हटले तरी त्यांनी ऐकले नाही. इतक्या माणसांच्या गर्दीत मी एकटा माळ घातलेला होतो, आणि पहिल्या रात्रीनंतर मला ते आठवावेही लागले नाही.

गिऱ्हाईक कसे पाहते, हे पहिल्या दिवशी मी फक्त निरखत होतो. माणूस आधी लांबून पाहतो, बोकड चार पावले चालवून मागतो, मग जवळ येऊन पाठीच्या कण्यावर अंगठा दाबतो, पुढच्या पायांखाली हात घालून उचलून वजनाचा अंदाज घेतो, दोन्ही डोळ्यांसमोर हात हलवून पाहतो आणि शेवटी खालचा ओठ दुमडून दात पाहतो. पुढचे दोन दुधाचे दात पडून मोठे दात आलेले असले की बोकड दोन दाती, आणि ते आलेले नसले की आदत. शेळीचे पहिले मोठे दात साधारण वर्षानंतर येऊ लागतात, पण प्रत्येकाचे एकाच वेळी येत नाहीत. नियम वयाचा आहे आणि दात ही त्याची खूण आहे. विकणाऱ्याच्या तोंडी वयावर विश्वास ठेवता येत नाही म्हणून लोक दातांवर विश्वास ठेवतात. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अनेक गिऱ्हाइकांची दाढी आणि नखे वाढलेली होती. ज्याला कुर्बानी द्यायची आहे त्याने झिलहज महिन्याचा चंद्र दिसल्यापासून कुर्बानी होईपर्यंत केस आणि नखे कापू नयेत अशी रीत आहे, हे भाईंनी सांगितले. त्यानंतर मला पाहण्यासाठी आलेला आणि खरोखर घेण्यासाठी आलेला माणूस थोडाफार ओळखता येऊ लागला.

१ जूनला रविवार होता आणि कुटुंबेच्या कुटुंबे आली. महाड तालुक्यातून मुंबईत स्थायिक झालेले एक कोकणी मुस्लिम गृहस्थ माझ्याशी मराठीतच बोलू लागले. त्यांना दोन वर्षे पूर्ण झालेला बोकड हवा होता. कोकणातील मुस्लिम बहुतेक शाफई पंथाचे असतात आणि त्यांच्याकडे शेळीवर्गातील जनावर दोन वर्षांचे लागते. मुंबईतील इतर बहुसंख्य लोक हनफी असल्यामुळे त्यांना एक वर्षाचे चालते. एकाच सणात दोन मापे आहेत, हे मला तोवर माहीत नव्हते. त्यांनी विचारले, “दोन वर्षांपूर्वीच्या बकरी ईदच्या आधीचा आहे की नंतरचा?” ती ईद मला नीट आठवत होती, कारण २०२३ साली ती आषाढी एकादशीच्याच दिवशी आली होती आणि आमच्या गावातील मुस्लिम घरांनी कुर्बानी दुसऱ्या दिवशी देण्याचे ठरवले होते. “त्या एकादशीला हे दोघे चार महिन्यांचे होते,” असे मी सांगितले आणि वही उघडून त्यांच्यासमोर धरली.

या वहीविषयी सांगितले पाहिजे. आमच्या गोठ्यात प्रत्येक करडाच्या जन्माची तारीख, आईचा क्रमांक आणि जन्माच्या वेळचे वजन लिहून ठेवण्याची पद्धत वडिलांनी सुरू केली. मी ती वही टॅगच्या यादीसोबत नेली होती, ती लस आणि औषधांची नोंद दाखवण्यासाठी. त्या गृहस्थांनी चष्मा लावून फेब्रुवारी २०२३ चे पान वाचले, टॅगचे शेवटचे चार अंक जुळवले, चार मोठे दात पाहिले आणि दोन्ही बोकड चोपन्न हजारांना घेतले. भाव करताना त्यांनी फार ओढून धरले नाही.

जून २०२४ च्या दोन बोकडांचा प्रसंग ३ जूनचा आहे. सिरोही संकराचे हे दोघे अंगाने भरलेले, चौतीस-पस्तीस किलोंचे, पण तोंडाने आदत होते. कुर्ल्याला राहणारे, मूळचे सोलापूरकडचे एक वयस्कर गृहस्थ नातवाला घेऊन आले. नातू आठ-नऊ वर्षांचा असावा; त्याने येताच त्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या बोकडाच्या गळ्यात हात टाकला. आजोबांनी दात पाहिले आणि मान हलवली.

“वर्षाचा नाही हा.”

“चाचा, १५ जूनचा जन्म आहे. आमच्या हिशेबाने आठ दिवस कमी पडतात,” मी म्हणालो आणि पान दाखवले.

ते बोटांवर मोजू लागले. “मागची बकरी ईद सतराला होती. म्हणजे हा ईदच्या दोन दिवस आधीचा. मग याचे वर्ष पुरे होते की!”

चांद्र वर्ष ३५४-३५५ दिवसांचे असते, त्यामुळे मागच्या ईदच्या आधी जन्मलेले जनावर या ईदपर्यंत वर्षाचे झालेले असते, मग इंग्रजी तारीख काही का असेना. त्यांनी पुन्हा एकदा तारीख वाचली, फोनवर कोणाला तरी मौलवींना विचारले आणि मग शेजारच्या बोकडाकडे बोट केले. तो अंगाने जरा उजवा होता. “तो कितीचा?”

तो २० जूनचा होता. मी तसे सांगितले. मागच्या ईदनंतर तीन दिवसांनी जन्मलेला, म्हणजे कुर्बानीला अपुरा. त्याच्यासाठी त्याच सकाळी एकाने अठरा हजार देऊ केले होते, पण वय विचारून खरे कळल्यावर तो माणूस निघून गेला होता. आजूबाजूचे दोन-तीन विक्रेते मला समजावत होते की चार-सहा दिवसांसाठी कोणी एवढे पाहत नाही. मला ते पटले नाही. घेणारा माणूस वर्षभर पैसे साठवून हे जनावर ईश्वरासाठी नेतो. तो दात पाहू शकतो, डोळे पाहू शकतो. जन्माचा दिवस मात्र फक्त मला माहीत असतो, आणि त्याची उपासना पूर्ण होणे माझ्या त्या एका उत्तरावर अवलंबून असते. आमच्या घरातील एकादशीचा फराळ कोणी खोटे सांगून मोडला तर आम्हाला जसे वाटेल तसेच त्यांना वाटणार, एवढे मला कळत होते.

आजोबांनी ठिपक्यांचा बोकड सतरा हजारांना घेतला. जाताना त्यांनी तो काय खातो, रात्री ओरडतो का, पाणी किती पितो, हे बारकाईने विचारले. मी शेवरीचा पाला बांधून दिला. ईदला चार दिवस असताना एवढ्या लवकर का नेता, असे विचारल्यावर ते म्हणाले की घरात राहू द्यावा, मुलांनी त्याला खाऊ घालावे, त्याचा लळा लागावा. ज्याचा लळाच नाही ते देण्यात काय आहे. नातू हसत होता. चार दिवसांनी त्याचे काय होणार हे मला दिसत होते, आजोबांनाही दिसत होते. पंधरा महिने हाताने चारा घातलेल्या बोकडांना दोरीसह दुसऱ्याच्या हातात देताना माझ्या पोटातही तुटत होतेच, आणि ते तुटणे शेवटच्या बोकडापर्यंत कमी झाले नाही. एरवी आम्ही व्यापाऱ्याला विकतो तेव्हा गाडी निघून जाते आणि पुढचे आपण विचारात घेत नाही. येथे घेणाऱ्याचा चेहरा समोर असतो आणि त्यालाही जड जात आहे हे दिसते, त्यामुळे मनाची ती आडवाट बंद होते.

दुसऱ्या दिवसापासून कुर्ल्याकडचे लोक ‘वहीवाले कोठे बसतात’ असे विचारत येऊ लागले. त्या आजोबांच्या धाकट्या भावाने दोन नेले, त्यांच्या इमारतीतील आणखी तिघांनी एकेक. ५ जूनच्या दुपारपर्यंत सतरा बोकड गेले होते.

पैशांविषयी थोडे सांगतो. बाजारात रोख आणि यूपीआय दोन्ही चालते. यूपीआयने पैसे आले तर समोरच्याच्या फोनवरची हिरवी खूण पाहून दोरी सोडू नये. आपल्या बँकेचा संदेश येईपर्यंत थांबावे आणि गर्दीमुळे नेटवर्क संथ असते हे धरून चालावे. रोख रक्कम दोघांनी मोजावी आणि एकाने सतत अंगावर ठेवावी. २०२५ साली बँकेत एका दिवशी पन्नास हजारांपेक्षा जास्त रोख भरताना पॅन क्रमांक लागत होता, म्हणून तो सोबत ठेवला होता. शेळीपालनाचे उत्पन्न आयकरासाठी शेतीचे उत्पन्न धरले जात नाही, त्यामुळे प्रत्येक विक्रीची तारीख, टॅग आणि रक्कम मी त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहून घेतली. दलाल हात ओढून देणाऱ्या-घेणाऱ्याचे हात एकमेकांत अडकवतात आणि सौदा झाला असे जाहीर करतात. आपल्याला भाव मान्य नसेल तर तेव्हाच हात सोडवून घ्यावा, नंतर बोलण्यात अर्थ नाही.

५ जूनच्या रात्री परतीच्या गाडीने निघालो. २० जूनचा बोकड सोबत होता. बाहेर काढतानाही जनावराची नोंद दाखवावी लागते, म्हणून उतरवतानाचा कागद जपून ठेवावा. ईदच्या दिवशी मी गावात होतो. सकाळी ईदगाहवर नमाज झाली आणि दुपारी चाचांच्या घरून आमच्याकडे नेहमीप्रमाणे शिरखुर्म्याचा डबा आला. मटणाचे तीन वाटे त्यांच्या ओसरीवर निघत होते, एक घरासाठी, एक नातेवाइकांसाठी आणि एक गरिबांसाठी. कापणाऱ्याची मजुरी मात्र मटणातून किंवा कातड्यातून द्यायची नसते, ती वेगळी रोख द्यावी लागते. इतकी वर्षे शेजारी राहून हे मी प्रथमच विचारले आणि चाचांनीही हातातले काम थांबवून सगळे सांगितले.

हिशेब असा आहे. सतरा बोकडांचे तीन लाख सत्तावन्न हजार रुपये आले. अठरा बोकडांच्या संगोपनाचा खर्च एक लाख त्रेपन्न हजार, भाडे दहा हजार आठशे, दलाली आणि बाजारातील शुल्क मिळून नऊ हजार, चारा-पाणी साडेसात हजार, फळ्या-ताडपत्री बत्तीसशे आणि आम्हा दोघांचे खाणे-राहणे सहा हजार. हाती एक लाख सदुसष्ट हजार पाचशे राहिले. आठवडी बाजारात त्याच बोकडांना सरासरी साडेतेरा हजार मिळाले असते, असा माझा अंदाज आहे. दहापेक्षा कमी बोकड असतील तर एकट्याने जाणे परवडत नाही. दोन-तीन घरांनी मिळून गाडी करावी.

२०२५ नंतरची ईद मे २०२६ च्या शेवटच्या आठवड्यात येते. ७ जून २०२५ नंतर जन्मलेले करडू तेव्हा हनफी हिशेबानेही अपुरे पडेल, म्हणून मी डिसेंबर ते फेब्रुवारीतील जन्माचे नर बाजूला काढले आहेत आणि तीन बोकड कोकणातील गिऱ्हाइकांसाठी दुसऱ्या वर्षापर्यंत राखले आहेत. वहीत इंग्रजी तारखेशेजारी आता हिजरी, म्हणजे मुस्लिम दिनदर्शिकेच्या तारखेचा रकाना आखला आहे. तो भरायला चाचा मदत करतात. आमच्या तालुक्यातील ज्यांना सोबत यायचे असेल त्यांनी जन्मनोंदी आतापासून लिहायला घ्याव्यात आणि दिवाळीपर्यंत टॅग मारून घ्यावेत.